डॉटफाइल्स, नोंद ९: चौदा रिकामे फोल्डर आणि एक बेपत्ता कमिट

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या डॉटफाइल्स (शेल, एडिटर वगैरेंच्या सेटिंगच्या फाइली) गिटच्या एका रेपोत, म्हणजे बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात आहेत; नव्या मशीनवर त्याचा एक क्लोन (प्रत) मारला की काम संपलं. क्लोन झाला, सिमलिंक (फाइलींकडे नेणारे दुवे) लागल्या, शेलही ओळखीचं उघडलं. मग विम हे एडिटर उघडलं तर रंग नाहीत, खालची पट्टी नाही, एकही शॉर्टकट चालेना. पॅक फोल्डरात चौदा प्लगइनचे चौदा फोल्डर दिसत होते आणि चौदाही रिकामे. गिट स्टेटस विचारलं तर म्हणे सगळं स्वच्छ, कमिट करण्यासारखं, म्हणजे इतिहासात नोंदवण्यासारखं काही नाही.

सबमोड्यूल (रेपोत जोडलेले दुसरे रेपो) असतील म्हणून ‘गिट सबमोड्यूल अपडेट --इनिट’ दिलं. उत्तर आलं: नो यूआरएल फाउंड फॉर सबमोड्यूल पाथ, इन डॉट-गिटमोड्यूल्स. पाहिलं तर डॉट-गिटमोड्यूल्स नावाची फाइल माझ्या रेपोत कधी नव्हतीच.

ज्यांनी हे भोगलंय त्यांच्या लक्षात आलंच असेल. विम ८ मध्ये पॅक फोल्डरची सोय आली तेव्हा मी प्लगइन मॅनेजर काढून टाकला, प्रत्येक प्लगइन त्या फोल्डरात सरळ क्लोन केला आणि बाहेरून ‘गिट अ‍ॅड .’ दिलं. रेपोच्या आत रेपो दिसला की गिट त्याच्या फाइली घेत नाही, फक्त आतल्या हेडचा (सध्या उघडलेल्या कमिटचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण टिपून ठेवतं. २०१७ च्या २.१४ आवृत्तीपासून ते तसं बजावतंही: एम्बेडेड रेपॉझिटरी जोडताय, बाहेरच्या रेपोच्या क्लोनमध्ये यातला मजकूर येणार नाही. ती सूचना माझ्या डोळ्यांसमोरून नक्कीच अनेकदा गेली असणार.

असे फोल्डर शोधायला ‘गिट एलएस-फाइल्स --स्टेज’ चालवून त्यात ‘१६००००’ ग्रेप करा, म्हणजे शोधा. साध्या फाइलीचा मोड (प्रकार सांगणारा आकडा) १००६४४ असतो, एक्झिक्युटेबल असेल तर १००७५५. १६०००० म्हणजे गिटलिंक, दुसऱ्या रेपोच्या कमिटकडे बोट दाखवणारी नोंद. माझ्याकडे अशा बरोबर चौदा ओळी निघाल्या. प्रत्येक ओळीत मोड, ४० अक्षरी हॅश आणि पाथ. हा हॅश कुठल्या रेपोतला, तो रेपो कुठून आणायचा, हे त्या ओळीत नसतं. ते डॉट-गिटमोड्यूल्सचं काम.

जुनं मशीन अजून पुसलं नव्हतं, हे नशीब. तिथे प्रत्येक प्लगइनचं डॉट-गिट शाबूत होतं, त्यामुळे मूळ यूआरएल मिळणार होते. सगळीकडे सांगतात तोच उपाय आधी धरला: ‘गिट आरएम --कॅश्ड’ देऊन गिटलिंक काढायची आणि ‘गिट सबमोड्यूल अ‍ॅड’ने परत जोडायची. तीन प्लगइन तसे केले. कमिट करण्याआधी ‘गिट डिफ --कॅश्ड’ पाहिला, आणि तिन्हींत ‘सबप्रोजेक्ट कमिट’ची ओळ बदललेली! पुन्हा जोडताना गिट आतलं आजचं हेड घेतं. मी आधी नोंदवलेला हॅश गायब. तिन्ही मागे घेतले.

मग सुचलं की गिटलिंक तर जागेवरच आहे, नाही ती फक्त फाइल. मग तेवढी फाइलच लिहावी. एलएस-फाइल्सच्या ओळींवर छोटा लूप फिरवला: पाथ घ्यायचा, ‘गिट -सी’ने (मोठा सी) आत जाऊन रिमोट ओरिजिनचा, म्हणजे जिथून क्लोन केला त्या मूळ रेपोचा यूआरएल काढायचा आणि ‘गिट कॉन्फिग -एफ डॉट-गिटमोड्यूल्स’ने पाथ आणि यूआरएल लिहायचे. सहा ओळींची स्क्रिप्ट. एकही हॅश हलला नाही. नव्या मशीनवर पुल करून (नवे बदल ओढून) अपडेट दिलं आणि एकामागून एक तेरा फोल्डर भरले. विमला रंग आले तेव्हा फार बरं वाटलं.

चौदावा अडला, आणि शनिवार-रविवार दोन्ही त्याने खाल्ले.

हा खालच्या पट्टीचा प्लगइन. त्यात मी तीन कमिट स्वतःचे घातले होते, स्टॅशमध्ये (बाजूला ठेवलेल्या अर्धवट बदलांत) काही पडून असेल तर पट्टीवर खूण दिसावी म्हणून. नव्या मशीनवर अपडेट म्हणत होतं की फेच केलं, पण ७०४१ने सुरू होणारा कमिट त्यात नाही, थेट मागूनही मिळाला नाही. अर्थ उघड होता: माझ्या बाहेरच्या रेपोत असा हॅश नोंदलाय जो मूळ रिमोटवर कधी गेलाच नाही.

जुन्या मशीनवर त्या प्लगइनमध्ये ‘गिट लॉग --ऑल’ काढला. माझे तीन कमिट नाहीत. ‘गिट ब्रँच -ए --कंटेन्स’ला तो हॅश दिला तर तो असलेली एकही ब्रँच (शाखा) आली नाही. पहिली रात्र इथेच गेली. दुसऱ्या एखाद्या मशीनवर केलं असेल का, म्हणून जुने बॅकअपही उपसले. सकाळी डोकं शांत झाल्यावर साधा प्रश्न विचारला, ‘गिट कॅट-फाइल -टी’ आणि पुढे हॅश. एका शब्दाचं उत्तर आलं: कमिट.

म्हणजे ऑब्जेक्ट, तो साठवलेला कमिट, तिथेच होता! फक्त त्याच्याकडे नेणारी वाट नव्हती.

रिफ्लॉगमध्ये (हेड कुठे कुठे गेलं त्याच्या नोंदवहीत) सगळी हकीकत सापडली. मी एका टॅगवर (नाव दिलेल्या कमिटवर) चेकआउट केलं होतं, म्हणजे डिटॅच्ड हेड, कुठल्याच ब्रँचवर नसणं. तिथेच तीन कमिट केले आणि बाहेर येऊन गिटलिंक नोंदवली. पुढे कधीतरी आत मास्टरवर गेले आणि पुल केलं. त्या क्षणी गिट सांगतं की तीन कमिट मागे सोडून चाललात. पट्टीवरची खूण दिसेनाशी झाली तेव्हा मला वाटलं की प्लगइनच्या नव्या आवृत्तीने ती मोडली असेल. बाहेरचं स्टेटस रोज ‘मॉडिफाइड, न्यू कमिट्स’ दाखवायचं आणि ती ओळ मी नजरेआड करायला शिकले होते.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण माझा स्वतःचा समज उलटा होता. बाहेरच्या रेपोने हॅश नोंदवला म्हणून आतला कमिट सुरक्षित राहत नाही. आतल्या रेपोचा जीसी (नको झालेले ऑब्जेक्ट काढणारी साफसफाई) बाहेर काय लिहिलंय ते बघत नाही. ब्रँचवरून न पोचता येणाऱ्या कमिटची रिफ्लॉगमधली मुदत मुळात ३० दिवस, त्यानंतर जीसी झाला की ऑब्जेक्टही जातो. माझे वाचले कारण आपोआप होणारा जीसी सुमारे ६७०० सुटे ऑब्जेक्ट साठल्याशिवाय चालत नाही, आणि एवढ्याशा प्लगइनमध्ये तेवढे कधी साठलेच नाहीत. मी हाताने एकदाही ‘गिट जीसी’ दिला नव्हता.

लगेच त्या हॅशवर ‘वाचवलेले’ नावाची ब्रँच उभी केली. मग प्लगइनचा स्वतःचा फोर्क, म्हणजे माझ्या ताब्यातली प्रत काढली. ढकलण्याआधी डिस्कवरच्या एका बेअर क्लोनवर (नुसता इतिहास असलेल्या प्रतीवर) रंगीत तालीम करायला गेले तर ‘ट्रान्सपोर्ट फाइल नॉट अलाउड’. ऑक्टोबर २०२२ च्या २.३८.१ पासून सुरक्षेसाठी सबमोड्यूलमध्ये डिस्कवरचा पाथ मुळातच बंद आहे. तालमीपुरतं ‘-सी प्रोटोकॉल.फाइल.अलाउ=ऑलवेज’ (इथे लहान सी) दिलं की चालतं. ते ग्लोबल कॉन्फिगमध्ये मात्र टाकू नका.

फोर्कवर ब्रँच गेली, डॉट-गिटमोड्यूल्समध्ये यूआरएल बदलला, नव्या मशीनवर पुल केलं, आणि तीच जुनी चूक परत! यात आणखी तासभर गेला. पहिल्या इनिटच्या वेळी यूआरएल डॉट-गिटच्या कॉन्फिगमध्ये उतरवला जातो आणि पुढे अपडेट तिथलाच वापरतं. ‘गिट सबमोड्यूल सिंक’ दिल्यावर पुढच्याच अपडेटला चौदावा फोल्डर भरला. पट्टीच्या कोपऱ्यात स्टॅशची खूण परत आली.

नंतर ते तीन कमिट आजच्या मास्टरवर रीबेस केले, म्हणजे त्यावर नव्याने रचले, एकच कॉन्फ्लिक्ट आला. रीबेसनंतर हॅश बदलले, पण माझ्या बाहेरच्या रेपोचे जुने कमिट अजून ७०४१कडेच बोट दाखवतात. म्हणून त्यावर टॅग लावून तोही फोर्कवर ठेवला. तो नसता तर जुन्या कमिटवर गेल्यावर तोच फोल्डर पुन्हा अडला असता.

आता पुढचं. ही नोंद सुरू करताना ठरवलं होतं की चौदावा सबट्रीमध्ये हलवायचा. माझं मत अजूनही तेच आहे: जे नुसतं वापरायचं ते सबमोड्यूल, ज्यात रोज हात घालायचा ते सबट्री, कारण सबट्रीत फाइली खरोखर बाहेरच्या रेपोत येतात आणि साध्या क्लोनमध्ये मिळतात. पण हे लिहिता लिहिता ‘पुश.रिकर्ससबमोड्यूल्स’ आठवलं. ‘चेक’ ठेवलं की आतला कमिट कुठल्याच रिमोटवर नसेल तर बाहेरचं पुश अडतं. मला नेमकं हेच हवं होतं. आत्ताच लावलं, मुद्दाम आत एक कमिट केला, तो न ढकलता बाहेर नोंदवून पुश केलं, आणि गिटने नकार दिला. त्यामुळे सबट्री तूर्तास एका वेगळ्या ब्रँचवर, प्रयोगापुरती.

‘सबमोड्यूल.रिकर्स’ही ट्रू केलंय, त्यामुळे पुल आणि चेकआउटच्या मागोमाग हाताने अपडेट द्यावं लागत नाही. डिफसाठी ‘डिफ.सबमोड्यूल’ला ‘लॉग’ दिलंय. नुसत्या दोन हॅशऐवजी मधले कमिट दिसतात, आणि ती ‘न्यू कमिट्स’ची ओळ आता खरोखर वाचली जाते.

जुन्या मशीनवर ‘गिट सबमोड्यूल अ‍ॅब्सॉर्बगिटडर्स’ बाकी होतं, तेही उरकलं. चौदाही डॉट-गिट फोल्डर बाहेरच्या डॉट-गिटमधल्या मोड्यूल्समध्ये गेले. शेवटी तिसऱ्याच जागी कोरा क्लोन घेतला, ‘--रिकर्स-सबमोड्यूल्स’ लावून. ‘गिट सबमोड्यूल स्टेटस’च्या चौदा ओळी, कुठल्याच ओळीच्या सुरुवातीला वजा (न भरलेला) नाही, अधिक (वेगळ्याच कमिटवर) नाही. जुनं मशीन उद्या पुसते.