शुक्रवारचा कागद

स्मरणिका समितीच्या पत्रात लेखासाठी विषय सुचवले होते: माझे आवडते शिक्षक, शाळेने मला काय दिलं, संस्मरणीय स्नेहसंमेलन. या तिन्हींवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत आणि ते लिहितीलच. मला लिहायचंय ते एका कागदाबद्दल. प्राथमिक विभागात दर शुक्रवारी शेवटच्या तासाला निघणाऱ्या.

नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पाठपोट लिहिलेला एकच कागद. वर ठळक अक्षरांत ‘या आठवड्यात’ असं नाव. पण ते नाव कुणी घेत नसे, सगळे ‘शुक्रवारचा कागद’च म्हणायचे. एक प्रत दाराजवळच्या फलकावर, एक वाचनालयात, प्रत्येक वर्गाला एक, आणि उरलेल्या प्रती घरी न्यायला पाळीपाळीने. त्यात काय नसायचं! कुठल्या वर्गाची हजेरी किती टक्के, वाचनालयातून सगळ्यांत जास्त वेळा कोणतं पुस्तक गेलं, पाऊस किती पडला, वाढदिवस कुणाकुणाचे, ‘हरवले–सापडले’, परसबागेत काय उगवलं, खो-खोच्या सामन्यात कोण किती वेळ टिकलं, आणि शेवटी ‘येत्या आठवड्यात’. हजेरीची टक्केवारी चौथीची मुलं काढायची. शतमान आम्हाला त्या रकान्यामुळे आलं, गणिताच्या पुस्तकातला धडा मागाहून आला.

सगळ्यांत जास्त वाचला जायचा तो रकाना मात्र वेगळाच होता: ‘पडलेले दात’. पहिली-दुसरीच्या वयात दर आठवड्याला शाळेत कुणाचा ना कुणाचा दात पडतोच. नाव, इयत्ता, वरचा की खालचा, एवढीच एक ओळ. पण ती ओळ छापून यावी म्हणून मुलं दिवसभर जिभेने दात हलवत बसायची. नुसत्या सांगण्यावर नोंद होत नसे. संपादक मंडळातलं कुणीतरी तोंडात डोकावून फट बघायचं आणि मगच नाव लिहायचं. माझ्या बाकावरच्या मित्राचा दात काही केल्या पडत नव्हता. दर गुरुवारी तो संपादकांसमोर आ करून उभा राहायचा, आणि दर गुरुवारी त्याला ‘अजून घट्ट आहे’ असं सांगून परत पाठवलं जायचं. शेवटी एकदाचा पडला, तेव्हा आपली बातमी मथळ्याला हवी असा त्याचा हट्ट. मंडळाने नकार दिला. एका दाताला एक ओळ, हा नियम सगळ्यांना सारखाच.

पुढे दंततपासणीला डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की दुधाचे दात वीस असतात. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही. ती गुपचूप येते, म्हणून घरची माणसं तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. पुढच्याच अंकापासून रकान्याचं नाव ‘पडलेले आणि आलेले दात’ झालं. मग मुलांनी एकमेकांच्या तोंडात पार मागपर्यंत बघायला सुरुवात केली. आरोग्यशिक्षणाचं याहून यशस्वी अभियान मी नंतर कुठे पाहिलं नाही.

कागद चालवायच्या तो चौथीच्या वर्गशिक्षिका बाई. चालवायच्या म्हणजे काय, तर स्वतः एक शब्द लिहायच्या नाहीत. संपादक मंडळ चार जणांचं आणि दर आठवड्याला नवं, म्हणजे वर्गातल्या प्रत्येकाची पाळी येणारच. हुशार मुलांचं कायमचं मंडळ करा, अक्षर तरी एकसारखं येईल, असं काही पालकांनी सुचवल्याचं आठवतं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात वर्गातल्या सर्वांत गिचमिड अक्षराच्या मुलाकडे पहिलं पान दिलं.

बातमीला त्यांचे सहा प्रश्न असायचे: कोण, काय, कुठे, केव्हा, कसं, का. पैकी पहिल्या पाचांची उत्तरं आणलीच पाहिजेत. ‘का’चं उत्तर माहीत नसेल तर जागा मोकळी ठेवायची, मनाने भरायची नाही. दुसरा नियम विशेषणांचा. ‘कार्यक्रम खूप छान झाला’ असं कुणी लिहून आणलं की बाई विचारायच्या, “छान म्हणजे काय झालं?” मग त्या मुलाला आठवायचं की नाटुकल्यात राजाची दाढी सुटली आणि प्रधानाने ती पुन्हा चिकटवून दिली. “हं, हे लिही.” तिसरा नियम असा की कुणाला शिक्षा झाली, कोण नापास झालं, कुणाच्या घरी काय भांडण झालं, हे कागदात येणार नाही. आणि चौथा दुरुस्तीचा. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती. धावण्याच्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या मुलीचं नाव एकदा मथळ्यातच तिसऱ्या क्रमांकावर लागलं. पुढच्या शुक्रवारी तिचं नाव मथळ्याएवढ्या अक्षरांत आलं, आणि ती आठवडाभर ताठ मानेने फिरली. मोठ्या वर्तमानपत्रांतल्या कोपऱ्यात दडवलेल्या दिलगिऱ्या वाचल्या की ती मुलगी आठवते.

पहिलीच्या मुलांना लिहिता येत नसे, पण बातम्या त्यांच्याकडेच जास्त. म्हणून दर बुधवारी चौथीचे दोघे पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचे. लहान मुलाने सांगायचं आणि मोठ्याने ते जसंच्या तसं उतरवायचं, मग मोठ्याने वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “असंच म्हणालास ना?” शब्द सुधारायला परवानगी नव्हती. माझ्या पाळीला एक इवलासा मुलगा आला. त्याने बराच वेळ विचार करून सांगितलं, “आमच्या खिडकीची कडी कुणी लावत नाही. ती वाऱ्याने आपोआप लागते. मग उघडत नाही. मग बाई काठीने ठोकतात.” मी लिहिलं, वाचून दाखवलं. तो म्हणाला, “काठीने नाही, पट्टीने.” पट्टी लिहिली. बातमी शुक्रवारी लागली, सोमवारी सुतार आला. वर्गात ‘खिडकीची तक्रार कुणी केली?’ असं कुणी विचारलं नाही, कारण ती तक्रार नव्हतीच. एका मुलाने जे रोज पाहिलं ते सांगितलं होतं. पुढे तो मुलगा आपलीच बातमी फलकावर बोट ठेवून वाचायला शिकला. स्वतःचं बोलणं कागदावर उमटलेलं दिसलं की अक्षरं लवकर कळतात, ही गोष्ट शिक्षणशास्त्रात पुष्कळ जुनी आहे, पण तेव्हा ते आम्हाला कोण सांगणार? आम्हाला दिसत होतं तेवढं पुरेसं होतं.

पावसाचा रकाना म्हणजे वादाचा आखाडा. साधन साधंच: तोंडापासून तळापर्यंत एकाच रुंदीची काचेची सरळ बरणी, मोकळ्या जागी ठेवलेली, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. रोज सकाळी एकाच वेळी पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे आणि पाणी ओतून टाकायचं. एकदा दोघांनी एकाच बरणीचं मोजमाप घेतलं आणि आकडे जुळेनात. एक उभ्याने वाकून बघत होता, दुसरा गुडघ्यावर बसून. बाईंनी दोघांनाही गुडघ्यावर बसवलं. काचेला चिकटून पाणी कडेने थोडं वर चढतं. मोजायचं ते मधल्या खोलगट भागाशी, डोळा बरोबर त्याच पातळीला आणून. आकडा जुळला. मग कुणीतरी शंका काढली, मिलिमीटर म्हणजे नक्की किती पाणी? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे त्या दिवशी कळलं. लगेच टेप घेऊन आम्ही मैदान मोजायला धावलो. १,२०० चौरस मीटर मैदान धरलं तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर ३०,००० लिटर पाणी पडतं. हे गणित आम्ही तीनदा करून पाहिलं, कारण एवढं पाणी डोळ्यांदेखत पडून गेलं यावर विश्वासच बसेना. त्या आठवड्याचा मथळा तोच होता.

आता कागद निघायचा कसा, ते. शाळेत तेव्हा झेरॉक्स नव्हतं. होता तो हेक्टोग्राफ. उथळ ट्रेमध्ये जिलेटिन आणि ग्लिसरीन ओतून थिजवलेला लुसलुशीत थर. जांभळ्या रंगाच्या खास शाईने मूळ पान लिहायचं, ते पालथं घालून थरावर हलक्या हाताने दाबायचं आणि काही मिनिटांनी उचलायचं. शाई थरात उतरलेली, अक्षरं उलटी. मग एकेक कोरा कागद त्यावर ठेवून, तळव्याने फिरवून सोलून काढायचा. पहिल्या प्रती ठसठशीत, पुढे पुढे फिकट होत जायच्या. पन्नासाच्या आसपास गेलं की ‘हरवले–सापडले’ वाचायला डोळे ताणावे लागत. कागद थरावर सरकला की अक्षरांना सावली यायची, आणि बोट टेकलं तर बोटाचा ठसा प्रत्येक प्रतीवर. शुक्रवारी संध्याकाळी संपादक मंडळ ओळखू यायचं ते जांभळ्या तळहातांवरून. घरी बोलणी खावी लागत, ती कुणी फारशी मनावर घेत नसे.

मोठेपणी वाचनात आलं की बाई एका मोठ्या परंपरेत होत्या. सेलेस्तँ फ्रेने हे फ्रान्समधले शिक्षक. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलवत नसे. १९२४ मध्ये त्यांनी आपल्या खेड्यातल्या शाळेत हाताने चालवायचं छोटं मुद्रणयंत्र आणलं. मुलं आपले अनुभव लिहायची, छपाईच्या अक्षरांचे खिळे स्वतः जुळवायची, छापायची, आणि ती पानं देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेला पाठवून तिथली मागवायची. दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, पोलंडमधल्या वॉर्सात अनाथाश्रम चालवणारे डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी मुलांनी लिहिलेलं साप्ताहिक सुरू केलं. ते एका दैनिकाची पुरवणी म्हणून निघायचं आणि लिहिणाऱ्या मुलांना मानधनही मिळायचं. योगायोग असा की तेही शुक्रवारीच निघे. त्याचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९चा, म्हणजे पोलंडवर आक्रमण झालं त्या दिवसाचा. कोर्चाक पुढे आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांची साथ न सोडता १९४२ मध्ये त्यांच्यासोबतच नाझींच्या मृत्युछावणीत गेले, हे अनेकांना ठाऊक असतं. त्यांच्या या साप्ताहिकाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. बाईंनी या दोघांबद्दल वाचलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. आम्हाला त्या एवढंच म्हणायच्या, “शाळेत काय चाललंय ते तुमच्याहून जास्त कुणाला माहीत?”

हे वाक्य मला हल्ली वारंवार आठवतं, ते माझ्या मुलीच्या शाळेचा मोबाईलवरचा गट बघताना. आठवड्याला पन्नासेक फोटो येतात. रांगेत उभी मुलं, हातात चित्रं, खाली ‘मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला’. शिक्षक बिचारे रात्री बसून हे चढवतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या बातम्या शाळेने पालकांना सांगितलेल्या असतात. मुलं त्यात दिसतात, बोलत नाहीत. मुलीला विचारलं, “आज शाळेत काय झालं?” तर म्हणते, “फोटो आलेत ना.” आमच्या कागदात एकही फोटो नव्हता. पालकांना तो वाचूनही पुरता कळत नसे, आणि मग घरी विचारावं लागायचं, “हे राजाच्या दाढीचं काय प्रकरण आहे?” की तासभर गप्पा.

आपला कागद मधल्या काळात बंद पडला. संगणक आला, छापील मासिक वार्तापत्र आलं, त्याची मांडणी सुबक असते. सध्याच्या मुख्याध्यापिकांशी बोलणं झालं तेव्हा मी एवढंच सुचवलं की मासिक चालू दे, पण चौथीला एक फळा द्या, खडू द्या आणि शुक्रवारचा शेवटचा तास द्या. दातांचा रकाना ठेवायचा की नाही ते मुलं ठरवतील. त्या हसल्या, पण वहीत लिहून घेतलं त्यांनी.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी वाचनालयात जुने अंक गोळा करायचं चाललंय. तिथल्या गठ्ठ्यात पावसाळ्यातले बरेच अंक नाहीत. कुणाच्या ट्रंकेत, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यात असतील तर आणून द्या. मात्र घरी फ्रेम करून भिंतीवर लावू नका, प्रदर्शनातही मूळ कागद टांगू नयेत. ही जांभळी शाई उजेडात विटते, उन्हात तर फार लवकर उडते. आधी स्कॅन करून घ्यावेत, प्रदर्शनात त्याच्या प्रती लावाव्यात आणि मूळ अंक जाड लिफाफ्यात घालून कपाटात ठेवावेत. स्कॅनिंगचं काम मी करून देईन, समितीला तसं कळवलं आहे.