अण्णांचं ‘की’

रविवार, रात्रीचे साडेअकरा

मंडळींना महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवून आले. ग्रुपवर ‘घरी पोचले, दिवस फार छान गेला’ असं टाकलं. छान गेलाच, त्यात खोटं काही नाही. पण मघापासून गरम पाण्यात पाय घालून बसलेय, पाणी पार गार झालं, तरी एक गोष्ट काही केल्या आठवेना.

अण्णा ‘चालतंय की’ कसं म्हणायचे?

शब्द आठवतोय. कधी म्हणाले, कशावर म्हणाले, सगळं आठवतंय. आवाज तेवढा येत नाही. डोळे मिटून कान लावला की ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेतला राणादा बोलतो.

सकाळपासून लिहून बघते. कुठं बिनसलं ते सापडेल कदाचित.

मालिकेच्या ग्रुपवरचे सतरा जण होतो, राणादाचा वाडा बघायला निघालेले. अंबाबाईचं दर्शन झालं, मिसळ झाली, पुण्याच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी काढून झालं. ताई येणार होती, आली नाही. तिची सीट मी दुपारपर्यंत कुणाला दिली नाही. असो.

खरी कॉर्नरला गाडी मीच थांबवायला लावली. एवढ्या लांबून माणसं आली आणि नुसता वाडा बघून गेली, असं व्हायला नको होतं मला. कॅमेरा स्तंभापाशी उभं राहून सांगितलं, की बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली ती इथं, पुण्याला गेली १९३३ ला. पुण्याच्या जोडीला प्रभात म्हणजे आपलीच, असं वाटत होतं. आणि ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, १९३२ चा, तोही कोल्हापुरातच झाला. म्हणजे पडद्यावर मराठी बोलायला लागली ती या गावात. हे सांगताना माझा गळा भरून आला होता. अण्णा पोरगेले असताना जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या कुठल्याशा सिनेमात मावळ्यांच्या गर्दीत उभे राहिले होते. डोक्याला मुंडासं, हातात लाकडी भाला आणि दुपारचं जेवण. सिनेमाचं नाव त्यांनाही आठवायचं नाही. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

मग गांधीनगर, वळिवडे, आणि वसगडे. वळिवड्यात महायुद्धाच्या काळात पोलंडची हजारो माणसं राहत होती, हे सांगायला सुरुवात केली, पण तोवर गाडीत मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं होतं. मीही गायले. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, पुढं जाता येईना, कुणाचीच तक्रार नव्हती.

वाड्यासमोर गाडी थांबली आणि सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता मी विसरणार नाही. चार वर्षं, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसातला आपण सगळे आपापल्या घरातून इथं येत होतो. आम्ही बाहेरूनच बघितलं, लोकांची राहती गल्ली आहे. डोंबिवलीची ती एकदम रडायला लागली. तिच्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मोबाईलवर दोघी ही मालिका बघायच्या. “वहिनी, राणादा बोलायला लागला की अजून मला फिनेलचा वास येतो,” म्हणाली. मी तिचा हात धरून उभी राहिले. काय बोलायचं ते सुचलं नाही.

मग नागपूरच्या काकू म्हणाल्या, “तुम्ही तर इथल्याच. म्हणून दाखवा न एकदा, चालतंय की. ओरिजिनल ऐकू द्या आम्हाला.”

ओरिजिनल.

मी म्हणून दाखवलं. पदर खोचला, मान जराशी तिरकी केली, छाती पुढं काढली, ‘चालतंय’ लांबवलं आणि ‘की’ वर उचललं. टाळ्या पडल्या. ट्रॅक्टर मध्ये आला म्हणून परत एकदा. कुणाचं तरी बोट भिंगावर आलं म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी फार चांगलं जमलं, असं सगळे म्हणाले.

समोरच्या कट्ट्यावर एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. आमच्याकडं तिनं मान वर करून बघितलंही नाही. सूप उडायचं, तूर खाली यायची, फोलपट पुढं जायचं, मधूनच बोटानं एखादा खडा काढून ती बाजूला टाकायची. कुणीतरी तिला विचारलं, “आजी, शूटिंग कुठं कुठं व्हायचं?” ती म्हणाली, “आता काय हाय हितं? गेली की सगळी कवाच.”

‘गेली की.’ छोटंसं, सुपाच्या आवाजात बुडालेलं. मी आत्ताच तीन वेळा जे म्हणून दाखवलं होतं, त्याचं आणि याचं काही नातंच नव्हतं. तिथंच कुठंतरी काहीतरी टोचलं. तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी जोतिबा. चांगभलं. रविवार, त्यामुळं गर्दी मरणाची, साड्या गुलालानं लाल. काकूंनी डोंगरावरच तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला.

रविवार, म्हणजे आता सोमवारच

झोप नाहीच.

अण्णा उद्यमनगरातून साडेसहाला यायचे. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, आधी रॉकेल लावून, मग साबणानं, तरी नखांतलं काळं जायचं नाही. खाटेवर बसून उजव्या पायातली चप्पल आधी काढायचे. मी तेव्हाच जाऊन सांगायची, काय सांगायचं असेल ते. भात करपलाय. चालतंय की. सहलीचे पंचाहत्तर रुपये भरायचेत. चालतंय की. बारावीला गणितात गेले तेव्हा दाराआड उभी होते, बाहेर यायची हिंमत नव्हती. त्यांनी चप्पल काढली आणि दाराकडं न बघता म्हणाले. तेवढंच म्हणाले. मी बाहेर आले आणि जेवले.

वाक्य घाईत असायचं आणि ‘की’ जवळजवळ गिळलेलं, श्वास सोडताना सुटल्यासारखं. बघा, वर्णन करता येतंय मला. हुबेहूब वर्णन करता येतंय. आणि ऐकू येत नाही.

अण्णा २०१५ ला गेले. मालिका लागली २०१६ च्या ऑक्टोबरात. घर इतकं मुकं झालं होतं, की मी आणि आई टीव्ही बघायचो नाही, नुसता लावून ठेवायचो. आणि एक दिवस त्यातून ‘चालतंय की’ आलं. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. त्या दिवसापासून एक भाग चुकवला नाही. लोकांना राणादा आणि पाठकबाईंचं प्रेम आवडायचं, मलाही आवडायचं, पण मी बसायची ती त्या एका वाक्यासाठी. ते आलं की दिवस पार पडला. २०२१ च्या जानेवारीत मालिका संपली तेव्हा हे म्हणाले, “आता काय बाई सुतक पाळणार काय?” मी उत्तर दिलं नाही. ते दुसरंच काहीतरी आहे, आत्ता त्यात जात नाही.

रोजचं एक म्हटलं तरी चार वर्षांत मी ते वाक्य राणादाच्या तोंडून हजारदा तरी ऐकलं. त्याच्या खाली अण्णांचं कधी दबलं, कळलंच नाही. घरात जुन्या भिंतीवर रंग मारतात तसं नाही झालं, की खरवडलं की खालचा दिसेल. मीच रोज आवडीनं ऐकलं. मीच हात लावून पुसलं.

एवढी वर्षं मला वाटत होतं, मालिकेनं अण्णांचा आवाज परत आणून दिला. फार जीव लावला त्या मालिकेला मी. अजूनही आहे. आणि आज वाड्यासमोर उभं राहून मी अण्णांचं वाक्य म्हणून दाखवलं, तर बाहेर पडला तो भलताच आवाज, आणि माणसं म्हणाली ओरिजिनल.

रेकॉर्डिंग एकही नाही. त्यांच्याकडं बटणांचा मोबाईल होता. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये अण्णा सगळीकडं आहेत, पण वर सनई आणि गाणी घातलेली. ओठ हलताना दिसतात. जयप्रभातल्या त्या मावळ्यासारखेच, माणूस आहे आणि आवाज नाही. माझ्याच नशिबी का यावं हे? एवढं साधं वाक्य. गावात रोज कुणीतरी म्हणतंय.

सोमवार, संध्याकाळ

दादाला फोन केला. वीस वर्षं पुण्यात आहे, पण मोठा आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार.

“अण्णा चालतंय की कसं म्हणायचे रे?”

थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “की कुठं म्हणायचे ते? नुसतं चालतंय चालतंय म्हणायचे. दोनदा.”

मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, आई शप्पथ. मग त्यानं म्हणून दाखवलं, “चालतंय चालतंय.” पुण्याच्या सुरात, पण मध्येच कुठंतरी घसा खरवडल्यासारखं झालं, आणि ते अगदी अण्णांचं होतं. खोकल्याआधीचं ते. मी फोन कानाला लावून तशीच उभी. “परत म्हण,” म्हटलं. परत म्हणाला तेव्हा नव्हतं.

मग दोघंही गप्प. दादा म्हणाला, “मला वाटतं तुझ्याशी ‘की’ म्हणायचे. माझ्याशी दोनदा.” आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

खरं असेल? दादावर अण्णा कायम चिडलेले असायचे, कारण मला माहीत आहे. दोनदा म्हटलेलं ‘चालतंय’ म्हणजे पुरे आता, जा. आणि ‘की’ लावलं म्हणजे तुझं मन मोडत नाही, ये. आपल्याकडं ‘की’ लावलं की शब्दाचा हात पुढं येतो. या की. बसा की. घ्या की अजून एक. काल नागपूरच्या काकूंना बायकांनी ‘मी येतो’ म्हणायची फार मजा वाटत होती. लिहिताना मी ‘आले’ लिहिते, बोलताना ‘आलो’च येतं, ते मला कधी वेगळं वाटलं नाही. पण ‘की’ मात्र काल पहिल्यांदा वेगळं काढून हातात घेतल्यासारखं झालं. काकूंचा यात काय दोष? त्यांनी प्रेमानंच मागितलं होतं. इतक्या लांबून त्या एका शब्दासाठी माणूस येतं, ही काय लहान गोष्ट आहे? आज सकाळी त्यांना फोन करून सांगितलं, पुढच्या वेळी लॉजवर उतरायचं नाही, घरीच यायचं. “येऊ का खरंच?” म्हणाल्या. “या की,” म्हटलं. तोंडातून गेल्यावर लक्षात आलं.

मंगळवार

सकाळी दूध नासलं. आईला सांगितलं, थांब, पिशवी आणते, मग चहा करते. ती खाटेवर बसून पायमोजे ओढत होती. उजवा आधी.

“कोराच दे. चालतंय की.”

घाईत. ‘की’ गिळलेलं.

मी पातेलं हातात घेऊन उभी. पन्नास वर्षं एका घरात राहिल्यावर कुणी कुणाचं उचललं, कोण सांगणार? कदाचित मूळचं तिचंच असेल आणि अण्णांनी घेतलं असेल. विचारलं, “आई, आत्ता काय म्हणालीस?” तर म्हणाली, “काय म्हणालो? कोरा दे म्हणालो.” परत म्हण म्हटलं तर माझ्याकडं नुसतीच बघत बसली.

दुपारी ती भाजी निवडत होती तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग लावून पदराखाली ठेवला. बावीस मिनिटं. मेथीचा भाव, समोरच्यांच्या सुनेचं बाळंतपण, माझ्या मामाचा गुडघा. ते वाक्य एकदाही म्हणाली नाही. उद्या चहाच्या वेळी ठेवीन.