तास कुठून आणले, ते आधी सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून लिहिते, कारण हा प्रश्न मला परभणीच्या स्टेशनवर, लग्नाच्या पंगतीत, तालमीच्या हॉलबाहेर, कुठंही कुणीही विचारतं. "ताई, नोकरी करत करत तुम्ही ते आर्ट्स ॲडमिनिस्ट्रेशनचं एमए केलंत म्हणे, किती दिवस लागले आन् किती पैसे गेले?" उभ्या उभ्या मी सांगते, तीन वर्षं दोन महिने आणि साडेदहा लाख. विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि मला घरी आल्यावर रुखरुख लागते, कारण दोन्ही आकडे खरे आहेत पण तेवढ्यावर कुणी ठरवायला गेलं तर फसेल.

माझं घर आधी सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्या घराशी ताडून बघता येईल. मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक, राहायला परभणीत, रोजचं अप-डाऊन. नवरा खाजगी नोकरीत, मुलगी तेव्हा चौथीत, आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई. शिवाय चौदा-पंधरा जणांचा हौशी नाटकाचा ग्रुप, त्याचा हिशोब, हॉलचं बुकिंग, परवानग्या, राज्य नाट्य स्पर्धेचे फॉर्म, सेट न्यायच्या टेम्पोचं भाडं हे सगळं कॉलेजात असल्यापासून माझ्याकडं. स्टेजवर मी कधी गेले नाही, मला जायचंही नव्हतं. पण ह्या कामाला आर्ट्स ॲडमिनिस्ट्रेशन असं नाव आहे, पैसा कुठून आणायचा, प्रेक्षक कसा टिकवायचा, करार कसा लिहायचा, कलाकाराचं मानधन कसं ठरवायचं ह्याचं शिक्षण असतं, इंग्लंड-अमेरिकेत विद्यापीठांत ते कितीतरी दशकांपासून शिकवतात, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

जवळचं काही बघितलं नाही असं नाही. संभाजीनगरला आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथनं मराठवाड्यातले कितीतरी नाटकवाले तयार झाले, पण ते रेग्युलर, दिवसाची हजेरी, परभणीत राहून नांदेडला नोकरी करणाऱ्या बाईला ते जमणारं नव्हतं, आणि मला शिकायचं होतं ते नाटक कसं करावं हे नव्हतं, नाटक करणारी संस्था कशी जगवावी हे होतं. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, इंडिया थिएटर फोरम आणि जुनून यांनी मिळून नाटकाच्या ग्रुपसाठी स्मार्ट नावाचा एक कोर्स सुरू केलेला आहे, तो अगदी आपल्यासारख्या ग्रुपसाठीच आहे, ज्यांना पदवीच पाहिजे असं नाही त्यांनी आधी, तो आत्ता चालू आहे का ते विचारून, तिकडं बघावं असं मी मनापासून सांगते. मला मात्र पदवी पाहिजे होती, का ते खाली सांगते. म्हणून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं ऑनलाईन, पार्ट टाईम एमए घेतलं.

आता तासांचं. लोक वर्षं विचारतात, पण वर्षं विचारू नका, तास विचारा. इंग्लंडात मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे १८०० तास. अमेरिकेत मोजायची पद्धत वेगळी, तिथं एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरी, असे साधारण १५ आठवडे, म्हणजे ४५ तास, असे ३६ क्रेडिट असले तर १६२० तास होतात. आपल्या इग्नू ह्या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट ३० तासांचा. कुठल्याही दारानं आत जा, दीड-दोन हजार तास द्यावेच लागतात. मी बारीक विचार केला तर माझ्याकडून आठवड्याला ११ तास निघत होते. १८०० ला ११ नं भागा, १६४ आठवडे येतात, तेच तीन वर्षं दोन महिने. मधे आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा चार महिने थांबले ते वेगळेच.

ते ११ तास कुठून आले ते माझ्या वहीत आहे, कारण मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. चार तास गाडीत. परभणी ते नांदेड जाऊन येऊन दोन-अडीच तास जातात पण वाचन होतं ते पाऊण तासच, कारण पूर्णेपर्यंत जागा मिळत नाही. तीन तास रात्री, कारण वर्ग त्यांच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा, त्यांचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं आणि आपली झोपही सरकते. आणि चार तास रविवारी सकाळी. हे रविवारचे तास आत्याबाईंचे होते. त्या दिवशी धपाटे, चटणी, मुलीची वेणी, पाहुणेरावळे सगळं त्यांनी बघितलं, गुडघे दुखत असताना. एकदा रात्री एकला पाणी प्यायला उठल्या आणि म्हणल्या, "काय करायलीस ग एवढ्या राती, डोळे जातील की." मी म्हणलं, "आत्याबाई, परीक्षा आहे." तर म्हणल्या, "मंग कर, सकाळचा डबा मी बघते." हा डबा कुठल्या फीच्या तक्त्यात लिहिलेला नसतो.

पहिल्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोर्सच्या पहिल्या भागात, बॉमोल आणि बोवेन ह्या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांचं १९६६ चं म्हणणं वाचायला होतं. कारखान्यात तेवढ्याच माणसांत दरवर्षी जास्त माल निघतो, पण चौघांनी मिळून वाजवायची एखादी जुनी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, आणि मजुरी मात्र सगळीकडं वाढते, म्हणून कलेचा खर्च बाकीच्यांपेक्षा नेहमी पुढं पळतो. पूर्णा जंक्शनला गाडी उभी होती आणि मी ते वाचत होते आणि मला आमच्या तालमी दिसायला लागल्या, दोन अंकी नाटकाला चाळीस दिवस लागतात म्हणजे लागतातच, कितीही हुशार पोरं आणली तरी ते वीस होत नाहीत. आणि मग हेही कळलं की माझे १८०० तास पण तसेच आहेत.

पैशांचं आता. २० क्रेडिटच्या मॉड्यूलला ११५० पौंड, अशी सहा मॉड्यूल, आणि प्रबंध ६० क्रेडिटचा म्हणून त्याचे ३४५०, एकूण १०,३५०. हप्त्याहप्त्यानं भरायची सोय होती म्हणूनच मला जमलं. पहिला हप्ता भरला तेव्हा पौंड १०१ रुपयांना होता, मधे एकदा नव्वदीपर्यंत उतरला तेव्हा मी दोन मॉड्यूलचे पैसे एकदम भरून टाकले, आणि प्रबंधाच्या वेळी परत १०५. पहिला हप्ता क्रेडिट कार्डावर भरायची चूक केली, साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनासाठी बँक लावते तो जादा आकार, आणि त्यावर जीएसटी, चार-पाच हजार असेच गेले. नंतर बँकेत जाऊन ए-२ हा परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म भरून ट्रान्सफर करायला लागले, ते स्वस्त पडतं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पुण्याला दिली, फी, गाडीभाडं, मुक्काम धरून वीस हजार. शैक्षणिक कर्जाला बँकेनं नाही म्हणलं, घरी बसून ऑनलाईन कोर्सला आम्ही देत नाही म्हणे, म्हणून काही बचत आणि बाकी माझ्या पाटल्यांवर सोनेतारण. शैक्षणिक कर्ज मिळालं असतं तर जुन्या टॅक्स रेजीममध्ये आयकरात व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, तेव्हा तुम्ही दोन-तीन बँका फिरा, माझ्यासारखं पहिल्या नकारावर परत येऊ नका. पाटल्या ह्या दिवाळीला सुटल्या.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती सांगते. इंग्लंडच्या पद्धतीत ६० क्रेडिट झाले की पीजी सर्टिफिकेट, १२० झाले की पीजी डिप्लोमा आणि १८० ला एमए. म्हणजे मधे थांबावं लागलं तर हात रिकामे राहत नाहीत. मी १२० वर थांबायचं जवळजवळ ठरवलं होतं, पैशांसाठी, आणि आज बघते तर माझं सगळ्यात खरं शिक्षण त्या शेवटच्या ६० मध्ये झालं.

प्रबंधाला मी भारुडाची मंडळं घेतली. एका रात्रीच्या कार्यक्रमाची बिदागी किती, त्यातलं गाडीला किती, पेटीवाल्या-पखवाजवाल्याला किती, सोंगाच्या कपड्यांना किती, आणि शेवटी घरी किती जातं. नाथषष्ठीला पैठणला गेले, दिंड्यांच्या गर्दीत, फाल्गुनातल्या उन्हात, वही घेऊन. तर विद्यापीठाचा नियम असा की ज्याची मुलाखत घ्यायची त्याची लेखी संमती पाहिजे. मी तो फॉर्म मराठीत करून नेला. एक सत्तरीचे भारुडकार, नाथांचं भारुड सांगताना अंगात वारं भरल्यासारखे नाचणारे, फॉर्म बघितल्यावर एकदम गप झाले आणि म्हणले, "सही कशाला बाई? जिमीन लिहून घ्यायलीस का काय?" मला भरून आलं. त्या माणसाच्या आयुष्यात कागदावर सही म्हणजे काहीतरी जाणं, एवढंच झालेलं असणार. मी त्या दिवशी काही विचारलं नाही, नुसती बसले, त्यांच्या मंडळीनं चहा केला. गाईडला सगळं लिहून कळवलं, मग तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी मिळाली, त्यात सहा आठवडे गेले. पण पुढच्या वेळी त्यांनीच हिशोब सांगितला, आठ माणसं, सगळी रात्र, आणि घरी नेलेले पैसे एका मजुराच्या दिवसाच्या हजेरीपेक्षा कमी. बॉमोल-बोवेनचं म्हणणं मी गाडीत वाचलं होतं, समजलं मला त्यांच्या ओसरीवर.

फायदा काय झाला हेही विचारता तुम्ही. पगारात एक रुपया वाढला नाही. आणि हे फी भरायच्या आधी ऐका, परदेशी ऑनलाईन पदवी आपल्याकडं सरकारी किंवा अनुदानित नोकरीत, बढतीत, पीएचडीच्या प्रवेशात धरतील असं गृहीत धरू नका, समकक्षतेचं, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची मानतात का, ते आधी लेखी विचारून घ्या. तसंच आस्थापनेची ना हरकत आधी घ्या, मला त्यालाच तीन महिने लागले. नोकरीतल्या बढतीसाठीच करायचं असेल तर इथल्या विद्यापीठाचं किंवा मुक्त विद्यापीठाचं करा, फी त्याच्या मानानं फार थोडी.

मला पदवी पाहिजे होती ती वेगळ्या कारणानं. कंपनीच्या माणसासमोर, नगरपालिकेच्या साहेबासमोर नाटकाच्या ग्रुपची बाई म्हणून गेलं की खुर्ची देतात पण ऐकत नाहीत. आता मी जाते तेव्हा माझ्या फाईलीत तीन वर्षांचं बजेट असतं. ग्रुपची ट्रस्ट म्हणून नोंदणी केली, आयकरातल्या सवलतीसाठी १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला) केलं, कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, म्हणजे सीएसआर, मिळवायला सीएसआर-१ फॉर्म भरला, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती, पारंपरिक कलांचं संवर्धन हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी मंडळांना ते माहीतच नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही हेही मी त्या अभ्यासाच्या निमित्तानं शोधलं, त्याआधी आम्ही घाबरून तिकीटच लावत नव्हतो, देणगी म्हणून डबा फिरवायचो. आणि आम्ही आता भारुडाचं मंडळ बोलावलं की अर्धं मानधन तारीख ठरताना देतो आणि अर्धं स्टेजवर चढायच्या आधी, आठही जणांच्या हातात वेगवेगळं. हे एवढं करता आलं ह्याचं मला फार समाधान आहे.

गेलेलं काय ते पण वहीत आहे. दोन सीझन मी ग्रुपच्या तालमीला गेले नाही, दोन वर्षं आमची एंट्री स्पर्धेला गेली नाही कारण फॉर्म-बिर्म बघणारी मीच होते आणि मी कुणाला शिकवून ठेवलं नव्हतं. एक पोरगा त्या दरम्यान पुण्याला निघून गेला, चांगला नट होता. मुलगी चौथीची सातवीत गेली, तिची गॅदरिंगची दोन गाणी मी मोबाईलवर बघितली. हे तास कुणी मला परत देणार नाही आणि मी मागतही नाही, पण तुम्ही विचारलंत तर हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर अर्धंच राहील.

तर करायचं असेल तर असं करा. आधी चार रविवार, सकाळचे चार-चार तास, कुठंही ॲडमिशन न घेता, नुसते बाजूला काढून बघा, काहीही वाचा, आणि त्या चार तासांत घरात काय काय अडलं आणि ते कुणी उचललं ते लिहा. ज्यांनी उचललं त्यांना बसवून विचारा, १६४ रविवार चालेल का. ग्रुपमधल्या एकाला तुमचं काम आत्तापासून शिकवा. आणि सप्टेंबरचा प्रवेश घेऊ नका, पहिली असाइनमेंट नोव्हेंबरात येते आणि आपल्याकडं तेव्हा स्पर्धेची प्राथमिक फेरी असते. जानेवारीचा असेल तर तो घ्या. माझी वही पाहिजे असेल तर घरी या, आत्याबाई असतातच, त्यांनाही विचारा.