ताम्हिणी ते आंबेनळी: ओले घाट आणि वळणाआधीचा ब्रेक

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सहाला पुण्याचा चांदणी चौक सोडला. मी माझ्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटवर, सोबत भाचा त्याच्या दीडशे सीसीच्या गाडीवर. त्याला लायसन्स मिळून जेमतेम आठ महिने झालेले. निघताना बहीण एवढंच म्हणाली, "दादा, त्याच्यावर लक्ष ठेव." बेत तीन दिवसांचा: पहिला मुक्काम हरिहरेश्वर, दुसरा दापोली आणि येताना आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाई, पुणे.

आदल्या आठवड्यात त्याची गाडी तपासली तेव्हा मागचा टायर मधोमध पार गोटा झालेला. बदलून घेतला. पण नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो, वरचा गुळगुळीत थर झिजल्याशिवाय तो रस्ता नीट धरत नाही. तो टायर आम्ही निघायच्या दोनच दिवस आधी बसवला. चूक माझी. तुम्ही निदान पंधरा दिवस आधी बदला. आणि हवा टायर थंड असतानाच भरा. गाडी चालून टायर तापला की काटा जास्त दाखवतो.

पौड, मुळशी धरणापर्यंत रस्ता कोरडा होता. ताम्हिणी गाव मागे पडलं आणि पाऊस सुरू झाला. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा रस्ता सर्वांत दगाबाज असतो. धो धो पडून रस्ता धुतला गेला की उलट बरं. शनिवार-रविवारी इथे धबधब्यांपाशी गाड्या अर्ध्या रस्त्यावर उभ्या असतात आणि माणसं न बघता रस्ता ओलांडतात, म्हणून सातच्या आत घाटात असावं.

उताराच्या एका डाव्या वळणावर ते झालं. भाचा माझ्या पुढे पन्नासेक मीटरवर होता. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास. वळणात शिरल्यावर त्याला समोरून येणारी एसटी दिसली आणि त्याने मागचा ब्रेक दाबून धरला. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं: मागचं चाक फिरायचं थांबलं, गाडीचा मागचा भाग उजवीकडे, एसटीच्या बाजूला सरकला, त्याने घाबरून ब्रेक सोडला, गाडीला हिसका बसला, ती सरळ झाली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एसटीच्या चालकाने आधीच गाडी हळू केली होती, म्हणून निभावलं. मी गाडी लावून त्याच्याजवळ गेलो तर त्याचे हात थरथरत होते. "मामा, एबीएस आहे ना गाडीला?"

आहे, पण त्याच्या गाडीचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. दीडशे सीसीच्या कितीतरी गाड्यांना तसंच असतं, आपल्या गाडीचं काय ते घ्यायच्या वेळीच विचारा. आणि दोन्ही चाकांना असलं तरी साधं एबीएस चाक अडकू देत नाही एवढंच. झुकलेल्या गाडीची पकड ते वाढवत नाही. टायरजवळ पकड मोजकीच असते. वळताना ती वळण्यात खर्च होते, मग ब्रेकसाठी काय उरणार? म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, गाडी सरळ उभी असताना. गिअरही तिथेच उतरवायचा. वळणात फक्त हलकी, एकसारखी रेस.

आणखी एक. घाबरलेला माणूस ज्याच्याकडे बघतो, तिकडेच गाडी जाते. तो एसटीकडे बघत होता. नजर वळणाच्या शेवटाकडे हवी, जिथे आपल्याला जायचंय तिथे.

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे आजही भेटतात. कृपा करून हे करू नका. इंजिनचा धरून ठेवणारा जोर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

माणगावला मिसळ खाल्ली, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हसळ्याच्या पुढे एक लांब, मोकळा, सरळ पट्टा मिळाला. तिथे त्याच्याकडून तासभर ब्रेकचा सराव करून घेतला. आधी तीसचा वेग, मग चाळीस. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं. पण तो झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा वाढवत न्यायचा. सोबत मागचा हलका. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटांखाली थरथरते. तेव्हा सोडायची नाही, धरून ठेवायची. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. बोटं ब्रेकपर्यंत पोचेपर्यंतच एसटीची लांबी संपून जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं, हेही त्याला मोजून दाखवलं.

रविवारी सकाळी बागमांडल्याच्या जेट्टीवर गेलो. फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की वेसवी. दुचाकीवाल्यांनी बोटीच्या लोखंडी फळीवर फार जपावं. ती ओली आणि गुळगुळीत असते. पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ ठेवून, पुढच्या ब्रेकला हात न लावता चढायचं आणि वर गेल्यावर गाडी गिअरमध्येच ठेवून जवळ उभं राहायचं.

वेसवी ते दापोली रस्ता देखणा आणि अरुंद. चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती पावसात लोण्यासारखी होते. झाडांच्या गच्च सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं. पांढरे पट्टेही ओले असताना निसरडे. अशा जागी काही करायचं नाही: ना ब्रेक, ना एकदम रेस. जसे आहात तसे पार व्हा.

सोमवारी पोलादपूरहून आंबेनळी चढलो. दरडी पडल्या की हा घाट बंद करतात, त्यामुळे निघण्याआधी पोलादपुरात चौकशी करा. कुंभरोशीच्या वर धुकं एवढं दाट की समोरचा कठडा दिसेना. लो बीम लावा; हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. वळणाआधी हॉर्न द्या. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट मिळायला हवी, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. उजव्या वळणात मध्यरेषेपासून लांब राहा, नाहीतर चाकं आपल्या बाजूला असली तरी झुकल्यामुळे डोकं पलीकडच्या गाडीच्या वाटेत जातं.

महाबळेश्वरला धुकं मागे पडलं. पाचगणीनंतर पसरणी घाट उतरताना मी त्याला पुढे जाऊ दिलं आणि मागून बघत राहिलो. प्रत्येक वळणाआधी त्याचा लाल दिवा पेटत होता आणि वळणात शिरताना विझत होता.