त्या एका क्लॅम्पचे कान

गाडीच्या रेडिएटरचे वरचा आणि खालचा असे दोन होज, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी नेणारे रबरी पाइप, बदलायला मला पाच तास लागले. त्यातले साडेतीन होज आवळून धरणाऱ्या एकट्या एका क्लॅम्पनं खाल्ले. मागच्या वेळी रेडिएटर काढून परत बसवणाऱ्या गॅरेजवाल्यावरचा राग अजून गेलेला नाही.

गाडी अकरा वर्षांची. रोज सकाळी पार्किंगमध्ये हिरवट थेंब दिसायचे. खालच्या होजला टोकाशी भेग पडली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन दोन्ही होज आणले आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडलं.

होजवर कंपनीचे स्प्रिंग क्लॅम्प होते. पोलादी पट्टीचं कडं, त्याची दोन टोकं कानांसारखी बाहेर आलेली. कान एकमेकांकडे दाबले की कडं फाकतं, सोडले की आवळतं. वरच्या होजचे दोन्ही क्लॅम्प साध्या पकडीनं दहा मिनिटांत सुटले. मनात म्हटलं, चहाच्या आत काम संपतंय.

खालचा क्लॅम्प मात्र पंख्याच्या मागे, आणि त्याचे दोन्ही कान थेट पंख्याच्या जाळीकडे वळवून बसवलेले! बसवताना रेडिएटर बाहेर होता, त्यामुळे बसवणाऱ्याचं काय जातंय? हात जेमतेम मनगटापर्यंत आत जायचा. पक्कड कानांवर टेकायची, दाबली की तिरकी व्हायची आणि निसटायची. दोन कान एका रेषेत नसतात, थोडे पुढे-मागे असतात, त्यामुळे सपाट तोंडाची पक्कड त्यांच्यावर ठरतच नाही. तासाभरात दोन बोटांची सालं गेली. एकदा कडं अर्धं फाकलं, मी श्वास धरला, आणि ते 'टण्ण' करून परत मिटलं. सुटून उडालं असतं तर थेट तोंडावर, म्हणून चष्मा घालाच. मी तेव्हा घातला नव्हता.

मग अक्कल गहाण टाकून लांब स्क्रू ड्रायव्हर होजखाली घातला आणि उचकटायला लागलो. रेडिएटरची नळी प्लॅस्टिकची असते. 'कर्र' असा आवाज आला तेव्हा हात थांबला. ती मोडली असती तर दोन होजचं काम रेडिएटरवर गेलं असतं.

शेजारचे काका खुर्ची घेऊन बसलेच होते. "भावा, काप की ते कडं! स्क्रूचं लाव, लई भारी बसतंय."

कापणार नव्हतो. इंजिन तापलं की रबर फुगतं, गार झालं की आकसतं, आणि जुनं होईल तसं दबत जातं. स्प्रिंग प्रत्येक वेळी स्वतःहून त्याच्या मागं जाते. साधा स्क्रूचा क्लॅम्प आवळला तेवढाच राहतो, परत परत बघावा लागतो. फार आवळला तर रबरात रुततो.

शेवटी ओळखीच्या एका मिस्त्रीकडून केबलवाली पक्कड आणली. तोंड एका टोकाला, मूठ दुसऱ्या टोकाला, मध्ये सायकलच्या ब्रेकसारखी वायर. तोंड कानांवर बसवायचं, मूठ दाबायची, दाबलेल्या जागी ती लॉक होते. तोंड बसवायला वीस मिनिटं, कडं फाकायला दोन सेकंद. कडं होजवर मागं सरकलं तेव्हा मी एकटाच ओरडलो.

होज चिकटलेला असतो. ओढू नका, आधी पिळा. टाकूनच द्यायचा असेल तर ब्लेडनं उभा चिरा, पण नळीवर ओरखडा नको. हो, आणि हे सगळं इंजिन पूर्ण गार असताना. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. निघालेलं कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं ते हिरवट पाणी, परातीत धरा आणि झाका. गोडसर असतं, गल्लीतली कुत्री चाटतात, आणि ते विष आहे.

नवा होज नळीवर दाबून बसवला आणि बघतो तर क्लॅम्प मडगार्डवर! तो आधी होजमध्ये ओवायचा असतो. परत काढला. नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो, क्लॅम्प त्याच्या आतल्या बाजूला बसायला हवा, उंचवट्यावर नाही. कान या वेळी खाली वळवले, पंख्यापासून लांब, पक्कड पोचेल असे.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं, हिटर पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. गार झाल्यावर पातळी उतरली होती, परत भरली. संध्याकाळी वाघबीळवरून पन्हाळा चढून आलो, वर टॉर्च मारून बघितलं. कोरडं.

रात्री गाडीखाली पेपर पसरून ठेवला. सकाळी काकांनी तो माझ्याआधी उचलला, उलटा केला, उजेडात धरला.

"अजून आठ दिवस बघ," म्हणाले.