एका रेषेवर तीन आठवडे

एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे दिसणारी एक फिकट कमान मी अभ्यासाला घेतली होती. समूहाच्या वस्तुमानामुळे मागचा प्रकाश वाकतो, उजळतो आणि एरवी हाती न लागणारी कोवळी दीर्घिकाही दिसते. जेम्स वेब दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून तिचा वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेला प्रकाश, एका संध्याकाळी उतरवून झाला.

पुढचे तीन आठवडे मात्र तिथेच अडकले. ४.००७ मायक्रॉन तरंगलांबीला एकच ठसठशीत तेजस्वी रेषा! ती ऑक्सिजनची असेल तर रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ७, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम पाऊण अब्ज वर्षांनीचा प्रकाश. हायड्रोजनची एच-अल्फा असेल तर ५.१. जास्त दूरची दीर्घिका निळ्या फिल्टरमध्ये दिसेनाशी होते, पण त्या फिल्टरमधली चित्रं इतकी उथळ की त्यांवरून निवाडा होईना. ऑक्सिजनच्या या रेषेला जोडीदार असते, इथे ती ३.९६८ मायक्रॉनला हवी, एक तृतीयांश तेजाची. आणि नेमकं तिथेच माझ्या वर्णपटाला भोक! प्रक्रियेने ते पिक्सेल खराब ठरवून काढून टाकले होते. मी सेटिंग बदलून पुन्हापुन्हा तेच चालवत राहिले; अजूनही त्या दिवसांचा राग येतो.

शेवटी ज्यांतून हा वर्णपट जोडला होता ती तिन्ही एक्स्पोजर वेगवेगळी उघडली; प्रत्येकात दीर्घिका थोडी सरकलेली असते. पहिल्यावर वैश्विक किरणाचा भलामोठा गोल डाग होता, ज्याला 'स्नोबॉल' म्हणतात. पार्श्वभूमी वजा करताना प्रत्येक एक्स्पोजरमधून उरलेल्या दोनांची सरासरी वजा होते, त्यामुळे एकाचा डाग तिघांनाही बाधला होता. पहिलं पूर्ण वगळलं, उरलेली दोन एकमेकांतून वजा केली. भोकाच्या जागी एक पांढरा ठिपका उमटला आणि थोडं खाली तितकाच काळा. असा काळा जोडठिपका हीच खऱ्या रेषेची खूण. तेज मोजलं, साधारण तिनास एक. हे प्रमाण अणूच ठरवतो, दीर्घिका कुठलीही असो. मी खुर्चीतून उठलेच!

म्हणून एकत्रित वर्णपटावर विसंबू नका, सुटी एक्स्पोजर पहिल्याच दिवशी बघा. हो, तरंगलांबी निर्वातातली घ्या, हवेतली नको. सुरुवातीला माझी तीच चूक झाली होती. समूहाचं हे गुरुत्वीय भिंग सगळ्या रंगांना सारखंच वाकवतं, म्हणून एकाच जागच्या रेषांचं गुणोत्तर बिघडत नाही. पण दीर्घिकेतल्या ताऱ्यांचं वस्तुमान काढताना वर्धनाने, म्हणजे भिंगाने प्रकाश जितक्या पट उजळला त्या आकड्याने, भागावं लागतं. कमान क्रांतिक वक्राजवळ (जिथे वर्धन अतिशय वाढतं ती रेषा) असेल तर भिंगाच्या दोन प्रारूपांची उत्तरं खूप वेगळी येऊ शकतात, तेव्हा दोन्ही आकडे द्या.