पोर्तुगीज अक्षरांवरच्या खुणा आणि आपला ऱ्य: माझा टायपिंगचा अनुभव

रायगड जिल्ह्यातल्या रेवदंडा, चौल, कोर्लई या गावांची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका काढायची, मराठी आणि सोबत इंग्रजी, असं आमच्या गावातल्या काही जणांनी ठरवलं आणि टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे १७४० पर्यंत पोर्तुगीज होते, त्यामुळे किल्ल्यावर लिहायचं म्हटलं की त्यांची नावं येणारच, आणि कोर्लईत तर अजून नौ लिंग बोलणारी घरं आहेत, पोर्तुगीजमधून तयार झालेली त्यांची स्वतःची बोली. आता इंग्रजी पानांवर जुआंव हे पोर्तुगीज नाव लिहायचं तर रोमन ए च्या डोक्यावर लाटेसारखी खूण पाहिजे, काही शब्दांत सी ला खाली शेपटी पाहिजे. राहू दे गं, कोण बघतंय, असं एकजण म्हणाला. मला नाही पटलं. आपल्या नावातली वेलांटी कुणी खाल्ली तर आपल्याला चालेल का? कोर्लईतल्या एका मावशींना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "बाय, लिवतेस तं पुरा लिव."

पहिला मार्ग सगळ्यांना माहीत असतो तो, ऑल्ट की दाबून ठेवायची आणि उजवीकडच्या नंबरपॅडवर आकडे मारायचे. ०२२७ मारून ऑल्ट सोडली की लाटवाला ए, ०२३१ ला शेपटीवाला सी, ०२३३ ला तिरकी रेघ असलेला ई. सुरुवातीचा शून्य सोडायचा नाही आणि नम लॉक चालू पाहिजे. पण माझ्या लॅपटॉपला नंबरपॅडच नाही आणि वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे होत नाही. कॅरेक्टर मॅप, म्हणजे विंडोजमधला सगळ्या अक्षरांचा तक्ता, उघडून एकेक अक्षर कॉपी पेस्ट करता येतं, पण पूर्ण पान असं करायचं म्हणजे हात दुखतात.

मग विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेत जाऊन इंग्रजीखाली युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल हा कीबोर्ड अ‍ॅड केला आणि खरंच सुटले. त्यात आधी खूण दाबायची, स्क्रीनवर काहीच येत नाही, मग अक्षर दाबलं की दोन्ही मिळून येतात. एकेरी अवतरणचिन्ह आणि मग सी, शेपटीवाला सी तयार. एकच्या डावीकडची की शिफ्टसकट आणि मग ए, लाट तयार. साधं अवतरणचिन्ह हवं असेल तर ते दाबून स्पेस द्यायची. विंडोज की आणि स्पेसने हा कीबोर्ड आणि मराठी असं जाऊन येऊन करता येतं, दोन दिवसांत बोटांना कळतं. मोबाइलवर तर अक्षर नुसतं दाबून धरलं तरी पर्याय येतात, एखादाच शब्द असेल तर तेच बरं.

खरा वेळ गेला तो आपल्याच मराठीत. किनारपट्टीवरची पुस्तिका, म्हणजे किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात, पानापानावर तो ऱ्य. दर्या लिहायचा तर रफार आणि दऱ्या लिहायच्या तर हा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे चूक चालणारच नाही. वेगवेगळ्या लोकांनी मजकूर पाठवलेला, सगळा एका फाइलमध्ये आणला आणि फाइंडमध्ये किनाऱ्या टाकून बघितलं तर काही ठिकाणी सापडतोय आणि काही ठिकाणी डोळ्यांसमोर दिसत असूनही सापडत नाही! शोधत गेले तेव्हा कळलं की हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो ठरावीक क्रमांक देतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी बनतं. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर, त्याला हलन्त आणि मग य. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडणारा कॅरेक्टर, झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला, आणि मग य. बघायला सारखेच, कॉम्प्युटरसाठी वेगळे. मी पहिली तऱ्हा ठेवली. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट जे, डी आणि स्लॅश, एवढंच. मग फाइंडमध्ये जुनं पेस्ट केलं, रिप्लेसमध्ये नवं, आणि सगळं एकसारखं केलं. ॲ चं पण असंच, कुणी अ वर चंद्र काढून पाठवलेला, कुणी अख्खं एक अक्षर. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं की अख्खं ॲ येतं, मला हे फार आवडलं. होमस्टेच्या दरांसाठी रुपयाचं चिन्ह लागलं ते इंग्लिश इंडिया कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि चारने आलं.

छापायला दिल्यावर पहिल्या प्रूफमध्ये मात्र लाटांच्या जागी चौकोन आणि ऱ्य तुटलेला. तिथे फाइल उघडून मजकुराला त्यांचा जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट लावला होता. मग मी वर्ड फाइल देणंच बंद केलं, फॉन्ट आत घेऊन केलेली पीडीएफ दिली, आणि आधी एकच पान छापून मागितलं ज्यात जुआंव, किनाऱ्यावर, ॲ आणि रुपया सगळे एकाखाली एक टाकले होते. ते पान नीट आलं तेव्हा बाकीचं छापायला हो म्हटलं.